तेराव्या पानाचा सूड

तारामती सूर्यवंशी ही माझ्या ओळखीतली सगळ्यात चांगली वाचक होती, आणि ती मराठी सातवी पास होती. माझ्याजवळ बी.एस्सी.ची पदवी होती, फिजिक्स घेऊन. त्या पदवीचा मला तारामतीसमोर काडीचा उपयोग झाला नाही. झाला तो एकदाच, आणि तो कसा ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

जयपूरला तेव्हा आम्ही आठ मराठी घरं एकमेकांना धरून होतो. माझे यजमान लष्करात कॅप्टन, म्हणून आम्ही छावणीत. वसंतराव मेहेंदळे विमा कचेरीत मोठे अधिकारी, त्यांचा बंगला सी-स्कीममध्ये. त्यांच्याच हाताखाली उत्तमराव सूर्यवंशी हेडक्लार्क, ते बनी पार्कात दोन खोल्यांत. तारामती ही उत्तमरावांची बायको. तासगावकडची, अंगानं बारीक, बोलायला तिखट. मला ‘कॅप्टनीणबाई’ म्हणायची.

आम्हाला बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे गणपती नव्हे, हळदीकुंकूही नव्हे. पुण्याहून येणारं ‘नभांगण’ मासिक आणि त्यात त्रेपन्न सालापासून चाललेली ‘अरुंधती यान’ ही मालिका. बारा माणसं एका यानातून पृथ्वी सोडून निघालेली, कप्तान भार्गव त्यांचा प्रमुख. दर महिन्याला एक प्रकरण, दिवाळीला दोन. आज पोरांना असल्या गोष्टी पडद्यावर बघायला मिळतात आणि मग ती त्यावर तासन्‌तास वाद घालतात. त्यांना वाटतं हा वेडेपणा त्यांनीच शोधला. भार्गवचा डावा हात चौदाव्या प्रकरणात मोडला असताना सोळाव्यात त्यानं तोच हात उंचावून निरोप कसा दिला, यावर आमच्यातले दोन सभ्य गृहस्थ सहा आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते.

मासिक एकच यायचं, वसंतरावांच्या पत्त्यावर. पण नियम कडक होता. पहिल्या रविवारपर्यंत वेष्टन फोडायचं नाही. त्या दिवशी सगळे बंगल्यावर जमले की वसंतराव कात्रीनं वेष्टन कापणार आणि आधी वाचकांची पत्रं, मग प्रकरण, असं मोठ्यानं वाचणार. कुणाला आधी कळलं आणि कुणाला नंतर, ही भानगडच नको. पुढचं कुणी आधीच फोडलं, तर त्याला महिनाभर अंक नाही. नंतर अंक घरोघर फिरायचा, नवऱ्याच्या हुद्द्याच्या क्रमानं. सूर्यवंशींकडे शेवटी जायचा आणि तिथून परत वसंतरावांच्या कपाटात. समासात पेन्सिलीनं टिपणं करायला मुभा होती.

वाचन चालू असताना पुरुष व्हरांड्यात बसायचे. बायका आत पोहे करत दारातून ऐकायच्या. मी बाहेर बसायचे, कारण मी पदवीधर आणि वर कॅप्टनची बायको. मला कुणी आत जा म्हणालं नाही आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते. तारामती आत. म्हणून तिला जे म्हणायचं ते ती समासात लिहायची, नवऱ्याच्या कचेरीतल्या जांभळ्या पेन्सिलीनं. ती पेन्सिल जिभेला लावून लिहिली की शाईसारखी उठते.

“सूर्यवंशींच्या घरून आलेल्या अंकाला फोडणीचा वास येतो,” वसंतराव सगळ्यांदेखत म्हणायचे. उत्तमराव हसायचे. वसंतराव त्यांचे साहेब होते.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात यानावरचा शिधा संपला. सगळी मंडळी हवालदिल. कोण म्हणे उंदीर, कोण म्हणे भार्गवनं चोरून खाल्लं. अंक सूर्यवंशींकडे पोचला त्या दिवशी मी सहज तिथे गेले होते. तारामती तांदूळ निवडत होती.

“कॅप्टनीणबाई, त्या यानात तेरावं माणूस लपलंय.”

“कशावरून?”

“पहिल्या वर्षी लिवलंय, बारा माणसांचा एकशेतीस दिवसांचा शिधा भरला. आता म्हणतात एकशेविसाव्या दिवशी संपला. दहा दिवसांचा शिधा कमी पडला. बाराजणांचा दहा दिवसांचा, म्हणजे एकशेवीस पानं. आणि दिवस झाले एकशेवीस. रोज एक पान जास्तीचं वाढलं जातंय. घरात न सांगता पाहुणा राहिला की डबा असाच बोलतो.”

चार वर्षांपूर्वीच्या अंकातला आकडा तिच्या डोक्यात होता. मी फिजिक्सवाली तोंड उघडं टाकून बसले. तिनं ते सगळं एकतिसाव्या पानाच्या समासात लिहिलं, आणि अंक परत गेला.

जुलैच्या पहिल्या रविवारी वसंतरावांनी कात्रीनं वेष्टन कापलं, घसा खाकरला आणि वाचकांच्या पत्रांतलं पहिलं वाचलं: “तेराव्या प्रवाशाचे गणित. लेखक, वसंतराव मेहेंदळे, जयपूर.” शब्द त्यांचे होते, लांबलचक. गणित तिचं होतं, पानांसकट. आत भांड्यांचा आवाज थांबला तेवढा मी ऐकला.

सप्टेंबरात खरोखरच यानाच्या तळघरातून तेरावा माणूस निघाला. मालिकेच्या लेखकानं तळटीप दिली होती: जयपूरच्या एका चाणाक्ष वाचकाच्या सन्मानार्थ या प्रवाशाचं नाव वसंत ठेवलं आहे. टाळ्या झाल्या. पेढे वाटले गेले. तारामतीला पण एक मिळाला. तिनं तो खाल्ला नाही, रुमालात बांधून घरी नेला आणि दारातल्या गायीला घातला.

मी वसंतरावांना त्याच आठवड्यात गाठलं. गप्प बसणं मला जमत नाही.

“समासातल्या दोन ओळी म्हणजे विचार होत नाही, वहिनी,” ते म्हणाले. “विचाराला मांडणी लागते. स्वयंपाकघरातली गोष्ट होती, ती मी विज्ञानात नेली.”

हे वाक्य मी तसंच्या तसं बनी पार्कात पोचवलं. चहाडी म्हणा. तारामतीनं ऐकून घेतलं. उत्तमराव कोपऱ्यात बसून म्हणाले, “अगं, जाऊ दे. नाव काय, आज आहे उद्या नाही.”

“तुमचं हाय की हजेरीपटावर रोज,” ती म्हणाली. “माझं लग्नाच्या पत्रिकेनंतर कुठं छापलंय ते सांगा.”

 मग ती माझ्याकडे वळली. “तो माझं सगळं वाचतो. वाचून वापरतो. म्हणजे मी वाढीन ते तो खाणार. पण काय वाढायचं ते तुम्ही सांगा.”

अशी माझी पदवी कामाला आली.

डिसेंबरात अरुंधती यान एका ग्रहाच्या उंच पठारावर उतरलं. शिधा वाटेत पुन्हा भरलेला, पण हवा फार विरळ, इंधन संपत आलेलं, चुलीलाही तेच इंधन. परत कसं निघणार, या प्रश्नावर प्रकरण संपलं होतं. त्यात एक ओळ होती: चुलीवर ठेवलेले आधण बघता बघता उकळले. यात काही चूक नाही. विरळ हवेत पाणी लवकर उकळतं. पण ते उकळतं कमी तापमानाला, आणि म्हणून त्यात डाळ शिजतच नाही. लग्नानंतर दोन वर्षं मी चक्रात्याच्या डोंगरावर काढली होती. तिथे तूरडाळ सकाळी चढवली तर दुपारी दाताखाली कचकच करायची. जयपुरात उंची नव्हती, पण विहिरीचं पाणी जड. इथली प्रत्येक मराठी बाई रात्री डाळ भिजत घालून, चिमूटभर सोडा टाकून, तिच्याशी झगडत होती. डाळ शिजणं म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधायचा तर त्यानं जन्मात चूल बघितलेली नसायला हवी.

वसंतराव पाणीसुद्धा कुणी हातात आणून दिलं तरच प्यायचे.

तारामतीनं समासात लिहिलं: हवा विरळ, म्हणून आधण लवकर, म्हणून डाळ निम्म्या वेळात शिजते. जळण निम्मं वाचलं. साठलेल्या जळणावर यान परत निघेल.

“गिळेल का?” मी विचारलं.

“ताट मांडलेलं बघून कधी उठलाय तो?”

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये पत्र छापून आलं. ‘डाळीतून सुटका: एक शास्त्रीय उपपत्ती.’ वसंतरावांनी ते दोनदा वाचलं. आतल्या बायकांत कुजबुज झाली, पण कुणी बाहेर आलं नाही. दुसऱ्याच दिवशी तारामतीनं पोस्टकार्ड घेतलं आणि पहिल्यांदा ‘नभांगण’ला स्वतःच्या नावानं लिहिलं. उत्तमरावांना तिनं ते टपालात टाकून आल्यावर सांगितलं.

एप्रिलचा पहिला रविवार. ऊन आतापासूनच भाजत होतं, वाळ्याचे पडदे ओले केले होते. वसंतरावांनी नेहमीप्रमाणे कात्री चालवली. आत काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. नियम त्यांचाच होता.

“वाचकांची पत्रं,” त्यांनी सुरुवात केली. “सौ. पार्वती गुप्ते, दार्जिलिंग. श्री. मेहेंदळे यांना आमच्या घरी आठ दिवस राहण्याचे निमंत्रण. डाळ ते आल्या दिवशी चढवू. जाईपर्यंत शिजली तर...” ते थांबले. “काहीतरी थट्टा दिसते.”

दुसरं महाबळेश्वरचं. तिसरं शिलाँगहून, एका सुभेदाराच्या बायकोचं. त्यात एवढंच होतं की वसंतरावांनी एकदा तरी स्वतः चूल पेटवून बघावी. व्हरांड्यात कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. वसंतरावांनी पान उलटलं.

“आपण सरळ प्रकरणाकडे वळू.”

“नियम आहे,” मी म्हटलं. “आधी पत्रं. सगळी.”

आणि तारामती आतून बाहेर आली. व्हरांड्यात, पुरुषांत, पहिल्यांदाच. हाताला पिठाचा लेप तसाच.

“वाचा की भावोजी. तुम्ही किती छान वाचता.”

उत्तमराव जमिनीकडे बघत होते. वसंतरावांनी वाचलं, दुसरं काय करणार होते.

“सौ. तारामती उत्तमराव सूर्यवंशी, बनी पार्क, जयपूर. विरळ हवेत डाळ कच्ची राहते. तेराव्या पानाचा हिशोब ज्यानं लावला त्याला हे कळायला हवं होतं. तो हिशोब माझ्या चुलीपाशी झाला. वसंतरावांच्या कपाटात गेल्या मेचा अंक आहे. पान एकतीस.”

 मग आतून वसंतरावांची बायको शालिनी आली. एकवीस वर्षं त्या घरात डाळ शिजवणारी बाई, मोठ्यानं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. तिच्या हातात अंक होता, उघडलेला.

“एकतीसच ना?” तिनं विचारलं आणि तो टेबलावर ठेवला.

वसंतरावांनी ते पान रबरानं घासलं होतं. पण ती कचेरीतली जांभळी पेन्सिल. खोडायला गेलं की ती पसरते. अर्धा समास जांभळा झाला होता आणि त्यातून ‘रोज एक पान’ हे शब्द सगळ्यांना स्पष्ट दिसत होते.

“स्वयंपाकघरातली गोष्ट तुम्ही विज्ञानात नेलीत,” तारामती म्हणाली. “आता विज्ञानातली स्वयंपाकघरात न्या. शालिनीवहिनी जागा देतील.”

याची किंमत मोजावी लागली. जूनमध्ये उत्तमरावांची बदली बाडमेरला झाली, भर उन्हाळ्यात. उत्तमराव तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. स्टेशनवर मी पोचवायला गेले तेव्हा मला वाटलं रडेल. ती ट्रंकांवर बसून ‘नभांगण’च्या वर्गणीचा फॉर्म भरत होती, स्वतःच्या नावानं. “वाळवंटात काय टपाल येत नाही, मतलब?” असं म्हणाली. हिंदी अशी मधेच घुसायची तिच्या बोलण्यात.

लोक सांगतात, सूड घेऊन मन शांत होत नाही. हे कुणी ठरवलं? तारामती उत्तम झोपायची. आणि तिनं सोडलंही नाही. पुढच्या संक्रांतीला जगानं वसंतरावांना तिळगूळ पाठवला. तिनं बाडमेरहून टपालानं मूठभर कच्ची तूरडाळ पाठवली, वर फक्त पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिथून जोधपूर, जोधपूरहून अजमेर, बदली कुठेही होवो, संक्रांतीला डाळ पोचायची. सहासष्टपर्यंत आठ पुड्या गेल्या. मी एकदा म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, “माझं नाव दरसाल एकदा तरी त्याला वाचायला लागतंय. तुम्हाला काय जड होतंय?”

त्याच वर्षी तिला शालिनीचं कार्ड आलं. तिनं ते मला दाखवायला ठेवलं होतं. चार ओळी होत्या: ‘डाळ दरवर्षी पोचते. ह्यांना पुडी मीच उघडून दाखवते, नाव वाचून दाखवते, आणि त्याच दिवशी शिजवून ह्यांच्या पानात वाढते. रात्री भिजत घातली की छान शिजते. पुढच्या वर्षी थोडी जास्त पाठवावी.’

सदुसष्टच्या संक्रांतीला तारामतीनं पावशेर पाठवली.