शिट्टीवाले सर, फोटोवाल्या मॅडम

नोकरीच्या पहिल्याच दिवशी इंगोले सरांनी मला नियम सांगितला. "मॅडम, वरून आदेश आला की काहून म्हणून विचाराचं नाही. 'हो सर' म्हनाचं अन् कामाले लागाचं."

इंगोले सर आमचे मुख्याध्यापक. मोर्शी तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते, गावंडे मॅडम आणि मी, एवढेच शिक्षक. तिघंही अमरावतीहून एकाच गाडीनं अपडाऊन करायचो. विचारायची सोय नसली की माणसं काय करतात? एकमेकांना किस्से सांगतात! दोन वर्षांत इतके साचले की गाडीच्या डिक्कीत मावले नसते. दोघं मोठी माणसं सांगून हसायची. मला बहुतेक वेळा हसू यायचं नाही.

*

सरांचा आवडता किस्सा शिट्टीचा.

उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायचं पथक निघालं होतं, त्यात सरांची ड्युटी. भल्या पहाटे नदीकाठी उभं राहायचं आणि टमरेल दिसलं की शिट्टी वाजवायची. पहिल्याच दिवशी झुडपाआड सापडला तो सरांचाच जुना विद्यार्थी. सरांनी शिट्टी फुंकली. त्या बिचाऱ्याला उठता येईना आणि बसवेना. शेवटी बसल्या जागीच त्यानं हात जोडले.

"नमस्कार सर!"

सर हे सांगताना स्टिअरिंगवर थापा मारत हसतात. चांगलं गणित शिकवायचे ते. आता गावात त्यांना गणिताचे सर कुणी म्हणत नाही, 'शिट्टीवाले सर' म्हणतात. हा उरलेला किस्सा ते सांगत नाहीत. मला तो एका पालकाकडून कळला.

*

माझी मैत्रीण जया अकोला जिल्ह्यात शिक्षिका आहे. ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला घरोघर फिरून सर्वेक्षण करायला पाठवलं. घरात माणसं किती, पंखा आहे का, संडास आहे का.

भर उन्हात एका म्हातारबाबांनी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि मायेनं विचारलं, "किती शिकली व बाई तू?"

"एम.ए., बी.एड."

बाबांना फार वाईट वाटलं. "अरेरे! येवढी शिकली, मंग मास्तरीन काहून नाही झाली?"

जयानं पाणी संपवलं आणि पुढचं घर गाठलं. सांगूनही त्यांना पटलं नसतं, असं ती म्हणते.

*

माझ्याकडे तिसरीचा वर्ग. अर्ध्या मुलांना धड वाचता येत नव्हतं. म्हणून मी ठरवलं, दिवसाचा पहिला तास फक्त वाचनाचा. त्या तासात दुसरं काही नाही. नोकरीकडून मला एवढं एकच हवं होतं.

आणि नेमका त्याच तासाला फोन वाजायचा. 'तातडीचे. फोटो पाठवा.' झाड लावल्याचा फोटो, खिचडी चाखल्याचा फोटो, शपथ घेतल्याचा फोटो. एकदा हात धुतल्याचा फोटो मागितला. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता.

"नळ दिसला म्हनजे झालं," इंगोले सर म्हणाले. "पानी कोनाले दिसते फोटोत?"

पोरांनी कोरडे हात एकमेकांवर चोळले, कॅमेऱ्याकडे बघून हसली. फोटोला वरून शाबासकीचा अंगठासुद्धा आला!

त्याच आठवड्यात मी वर्गात विचारत होते, डॉक्टर काय करतात, सुतार काय करतो. मग विचारलं, "आणि मॅडम काय करतात?"

पहिल्या ओळीतली गौरी ताडकन उभी राहिली. "फोटो काढते!"

वर्गात कुणी हसलं नाही. त्यांच्या दृष्टीनं उत्तर बरोबरच होतं.

*

गेल्या वर्षी गावंडे मॅडम निवृत्त झाल्या.

शाळेत पाहुणा आला की फाटकाशी ओवाळायचं ताट त्यांच्या हातात. नंतर जेवणाची पंगत वाढायच्याही त्याच. बाईमाणूस म्हणून. तोवर त्यांचा वर्ग आपला आपण ओरडत असायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही 'नाही' का म्हणत नाही?" तर म्हणाल्या, "ओवाळल्यानं काय हात झिजते व माये?" या पिढीनं हसत हसत सगळं अंगवळणी पाडून घेतलं, याचाच मला राग येतो.

निरोप समारंभ जोरात झाला. सरपंच बोलले, "मॅडमच्या हातचा चहा विसरता येनार नाही." केंद्रप्रमुख बोलले, "पाहुणचार शिकावा तर मॅडमकडून." इंगोले सरांनी त्यांच्या रांगोळीचं कौतुक केलं. मॅडमनी डोळे पुसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं.

परतीच्या वाटेवर गाडी गावाबाहेर पडली. मग मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एकानं तरी म्हनाचं होतं, बाई शिकवत होती म्हनून."

सरांनी रेडिओ लावला.

*

यंदा नव्या वर्गखोलीच्या उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. ताट आता माझ्याकडे येणार, हे न सांगताच ठरलेलं. मी सरांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पहिल्या तासाला मी वर्गात असेन. त्यांना ती गंमत वाटली.

साहेब बरोबर पहिल्या तासाला आले. गौरी उभी राहून वाचत होती. एका एका अक्षरावर बोट ठेवून, पण स्वतःचं स्वतः. दारात इंगोले सर आले. हातात ताट, निरांजन पेटलेलं. मागे केंद्रप्रमुख, सरपंच.

"मॅडम, चला लवकर. साहेब फाटकापाशी उभे आहेत."

"मी येत नाही, सर. वाचन चालू आहे."

"अवं, दोन मिनिटाचं काम आहे!"

"मग तुम्ही ओवाळा. ताट तुमच्याच हातात आहे."

केंद्रप्रमुख पुढे झाले. "मॅडम, साहेब उन्हात उभे आहेत, कळून राहिलं का तुमाले?"

"त्यांना इकडे आणा ना," मी म्हटलं. "मागच्या ओळीत जागा आहे. चपला तेवढ्या बाहेर काढायला सांगा."

गौरी वाचायची थांबली होती. मी तिला मान हलवून खूण केली. तिनं पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.