गुणवंतीबायने कोयता दिला त्याची गोष्ट

लालबागच्या मासळी बाजारात गुणवंतीबाय तांडेल बसायची तेव्हा आत शिरणाऱ्याला ती दिसायच्या आधी ऐकू यायची. वरळी कोळीवाड्याची बाई. नवरा होडीवर असतानाच तापानं गेला. मागे दोन मुली. बाईनं त्याही वाढवल्या आणि बाजारही सांभाळला. मी तेव्हा आमच्या चाळीच्या मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे सतरंज्या घालणारा आणि गुंडाळणारा माणूस. तेव्हा मोठेपणाचा काही संबंध नाही.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला आणि लालबागचं जेवण बदललं. आधी ताटातला रावस गेला, मग हलवा गेला, मग बांगडाही आठवड्यातून एकदा आला तरी पाहुण्यासारखा वाटायला लागला. लोक बाजारात येऊन हळूच म्हणायचे, "बाय, मांजरीसाठी दोन मुंडकी द्या ना." लालबागात तेवढ्या मांजरी नव्हत्याच. गुणवंतीबायला ते कळायचं. मुंडक्यांच्या पुडीत ती दोन चांगले तुकडे सरकवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "तुज्या मांजरीला सांग, काटं बगून खा!"

बाजारात रोज येणारा आणि काहीच न घेणारा एक माणूस होता. गंगाधर सावंत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. संपात त्याचं काम गेलं, पण मतं शाबूत राहिली. पेपर तो चहावाल्याकडे फुकट वाचायचा आणि वाचलेलं सगळं मासळी बाजारात येऊन ओतायचा. इराण-इराक, पंजाब, श्रीलंका. कोळणी बोंबील निवडता निवडता ऐकायच्या, माश्या वारायच्या, आणि त्या माश्यांबरोबर कधीकधी गंगाधरलाही वारायच्या.

तर पंच्याऐंशी सालची गोष्ट. करी रोडच्या पुलाच्या तोंडाशी दोन कोळणी शेजारी शेजारी बसायच्या, रखमा आणि शेवंता. रखमा गुणवंतीबायच्याच आळीतली. तिचं आणि गुणवंतीबायचं लग्न एकाच वर्षी झालेलं, बाळंतपणंही जवळजवळ एकत्रच. शेवंता माहीमची. तिनं एक मोठी काळी छत्री आणली आणि बांबूला दोरीनं बांधली. त्या छत्रीचं पाणी बरोबर रखमाच्या पाटीत ठिबकायचं. एवढंच भांडण. पण आधी शिव्या झाल्या, मग खवल्यांचं पाणी उडवून झालं, मग शेवंताचा भाऊ येऊन दम देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रखमा धावत लालबागच्या बाजारात आली. पदर खोचलेला, केस सुटलेले.

"गुणे, तुजा कोयता दे."

"तुजा कुटं गेला?"

"मूठ निगाली त्याची. दे लवकर. तिचा भाव परत येनार हाय."

गुणवंतीबायचा कोयता बाजारात नावाजलेला होता. घोळ माशाचं मुंडकं एका घावात उतरवायचा. नवऱ्यानं त्याच्या मुठीवर तापल्या खिळ्यानं 'गु' असं अक्षर डागून दिलं होतं. तिनं कोयता उचलला आणि तसाच हातात धरून बसली. तेवढ्यात सगळा बाजार भोवती गोळा झाला, आणि द्यायचा की नाही यावर भर बाजारात वाद सुरू झाला.

शेजारी लिंबं-कोथिंबीर विकणारी मीराबाई म्हणाली, "दे गं. आज हिला नाही दिलास, तर उद्या तुझ्यावर पाळी आली की कोण येणार?"

एक म्हातारी कोळीण म्हणाली, "देऊ नको. आज कोयता मागतेय. उद्या म्हनंल, तू पन चल."

तिसरी म्हणाली, "बोथट हाय तो दे. म्हंजे दिल्याचंबी झालं, आनि..."

"बोथट मना काय खाजवायला?" रखमा ओरडली.

आता गंगाधर पुढे झाला. अशा प्रसंगाची तो संपापासून वाट बघत होता. हात मागे बांधून म्हणाला, "गुणवंतीबाय, मित्र संकटात असताना हत्यार नाकारणं म्हणजे शत्रूला मदत करणं. द्या. मात्र अटी घालून द्या. एक, फक्त बचावासाठी. दोन, आपल्या जागेच्या हद्दीबाहेर न्यायचा नाही. शेवंताच्या पाटीच्या अलीकडेच थांबायचं. तीन, शक्यतो नुसता दाखवायचा."

"नुसता दाखवायचा असंल तर कोयत्याची तसबीर द्या!" रखमा म्हणाली.

सगळा बाजार हसला. गुणवंतीबाय हसली नाही. तिनं रखमाकडे बघितलं आणि कोयता तिच्या हातात ठेवला. "नीट वापर," एवढंच म्हणाली. हे वाक्य आजवर किती जणांनी किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे, उपयोग झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पुढे पुलापाशी काय झालं ते मी स्वतः पाहिलेलं नाही, पण पाहणारे इतके होते की काही फरक पडत नाही. शेवंताचा भाऊ आलाच नाही. रखमा मात्र कोयता घेऊन तयारीत होती, आणि तयारी वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं छत्रीच्या दोरीवर घाव घातला. दोरी तुटली. बांबूसकट छत्री रस्त्याच्या बाजूला कलली आणि नेमका तिथून जाणारा हवालदार तिच्या खाली गेला. टोपी गटारात, कपाळावर टेंगूळ. छत्रीच्या आतून त्यानं शिट्टी मारली म्हणतात.

चौकीत पहिला प्रश्न आला, हत्यार कुणाचं? मुठीवर अक्षर होतंच. दुपारी पोलीस लालबागच्या बाजारात. गंगाधर त्या दिवशी लवकर घरी गेला होता.

रखमा आरोपी नंबर एक, गुणवंतीबाय आरोपी नंबर दोन. कोयता मुद्देमाल म्हणून जमा. जामीन झाला आणि तारखा सुरू झाल्या.

आता खरी मजा पुढे आहे. दोन महिन्यांत फूटपाथ मोकळे करणारी गाडी करी रोडला यायला लागली. गाडी आली की पाटी उचलून पळायचं, आणि उरलेल्या सामानावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. रखमाचं सामान शेवंता बघायला लागली, शेवंताचं रखमा. पावसाळा संपेपर्यंत दोघी एकाच छत्रीखाली बसत होत्या. युद्ध संपलं, तह झाला, आणि हत्यार पुरवणारी बाई मात्र कोर्टात तारखेला हजर! तीन-चार वर्षं हे चाललं. साक्षीदार म्हणून शेवंता यायची, आरोपी म्हणून रखमा यायची. दोघी बाकावर बसून एकाच डब्यातून भाकरी आणि सुक्या करंदीची चटणी खायच्या. गुणवंतीबाय दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसायची.

"ये गो, खा थोडं," रखमा बोलवायची. "राग कशाला धरतेस?"

"मना भूक नाय."

शेवटी गुणवंतीबायची तपासणी झाली. मॅजिस्ट्रेट गिरगावचे, वयस्कर, शांत.

"कोयता तुम्ही कशासाठी दिलात?"

वकिलानं पढवलं होतं तसं ती म्हणाली, "मासळी कापाया, सायेब."

"त्या दिवशी यांच्याकडे कुठली मासळी होती?"

वकिलानं हे पढवलं नव्हतं. गुणवंतीबायला खोटं बोलायची सवय होती, पण मासळीच्या बाबतीत नाही. "मांदेली," ती म्हणाली.

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. "मांदेली? बोटाएवढी मांदेली कोयत्यानं कापतात? आमच्या घरी तर अख्खीच तळतात."

कोर्टात पट्टेवाल्यासकट सगळे हसले. पण सुटका शेवंतानं केली. दोरी वाऱ्यानं तुटली, असं तिनं शपथेवर सांगितलं. पावसाळ्यात वारा असतोच. हवालदार तोवर निवृत्त होऊन गावी गेला होता, त्याला फक्त काळोख आठवत होता. दोघी निर्दोष सुटल्या. कोयता परत मिळाला तो गंजलेला, मुठीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेला.

एक्क्याण्णव साली जानेवारीत आखातात युद्ध पेटलं. अमेरिकेची लष्करी विमानं मुंबईत उतरून इंधन भरतात अशा बातम्या आल्या आणि पेपरांत एकच गदारोळ झाला. भरू द्यावं की नाही? इंधन देणं म्हणजे हत्यार देणंच नाही का? इकडे चाळीत रॉकेलसाठी पहाटेपासून डबे रांगेत, आणि आमच्या मंडळाला वाटलं, यावर जाहीर वादविवाद झाला पाहिजे. विषय ठेवला, 'युद्धात उतरलेल्या मित्राला शस्त्रं पुरवावीत काय?' आमच्याकडे पुरवायला होतं काय? ढोलाच्या टिपऱ्या आणि दोन हॉकी स्टिका. पण विषय जोरदार होता.

अध्यक्ष दत्ताराम जाधव. बीडीडी चाळीत राहणारे, पूर्वी गिरणीत आणि आता बँकेत शिपाई, बाबासाहेबांचं लिखाण वाचलेला गंभीर माणूस. बाजूनं बोलायला दादरहून प्राध्यापिका लतिका देसाई. विरुद्ध बोलायला गंगाधर सावंत, इस्त्री केलेल्या सदऱ्यात.

गुणवंतीबाय आली होती ती मीराबाईला सोबत म्हणून. मागच्या रांगेत बसून तिनं प्राध्यापिकाबाईंचं भाषण ऐकलं. करार, समतोल, राष्ट्रहित. भाषण शुद्ध होतं आणि बऱ्याच लोकांना बरी झोप लागली होती. मग गंगाधर उठला. "बंधूंनो आणि भगिनींनो, जो हत्यार देतो तो युद्ध पेटवतो! हत्यार कधीही, कोणत्याही अटीवर देऊ नये. हे माझं आयुष्यभराचं मत आहे!"

मागून आवाज आला. "अवो गंगाधरभाव! कोनाचं आयुष्य?"

सभा जागी झाली. गुणवंतीबाय उभी होती.

"त्या दिशी बाजारात कोन म्हनालं, 'द्या, पन अटी घाला'? तीन अटी घातल्यात तुमी. मना अजून पाठ हायेत."

गंगाधरनं कागद चाळले. दत्तारामांनी नियमाप्रमाणे तिला बसायला सांगायला हवं होतं, पण ते म्हणाले, "बाय, पुढे या. पाच मिनिटं घ्या."

ती मंचावर गेली नाही. खालीच उभं राहून तिनं सगळं सांगितलं, छत्री, हवालदार, मांदेली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. सांगून झाल्यावर प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "म्हणजे तुमचं मत, शस्त्र देऊ नये असं आहे का?"

गुणवंतीबायनं मान हलवली.

"तसं नाय बाई. रखमा परत आली तर मी परत देईन. ती माजी हाय. पन दिल्यावर 'मी नुसता दिला' असं म्हनाया नको. तिनं मारलं तर अर्धा हात माजा. अटी घालून तो हात धुवून निगत नाय. आनि दुसरं, त्या दोगी मिटवून मोकळ्या व्हतात. देनारा बसतो तारखा घेत."

मग हात वर करून मतं घेतली. बाजूनं किती आणि विरुद्ध किती ते आम्हाला मोजता आलं नाही, कारण बऱ्याच लोकांनी दोन्ही वेळा हात वर केले. दत्तारामांनी निकाल राखून ठेवला आणि चहा आला. गंगाधर चहा न घेता गेला. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच घडलं. पुढचे दोन महिने तो बाजारात फिरकला नाही. मग एक दिवस आला आणि आयुष्यात प्रथमच अर्धा डझन बांगडे विकत घेऊन एक शब्द न बोलता निघून गेला.

इकडे करी रोडला बातमी पोचली की गुणवंतीनं भर सभेत रखमाचं नाव घेतलं. रखमा खवळली. भांडखोर म्हटलं म्हणून नव्हे.

"लोकांना काय सांगितलंस? मी हवालदारावर छत्री पाडली? चुकून? मी नेम धरलेला!"

"नेम? कोर्टात वारा आला व्हता ना?"

यावर रखमानं बोलणं टाकलं. पण भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणायला दोघींची टॅक्सी एकच होती, शिवा नावाच्या घाटकोपरच्या ड्रायव्हरची. मग रोज सकाळी दोघी मागच्या सीटवर, मध्ये पाटी, आणि बोलणं शिवामार्फत. "शिवा, तिला सांग पाय काढ." "शिवा, तिला सांग गाडी तिच्या बापाची नाय." होळीपर्यंत शिवा वैतागून म्हातारा झाला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी काळाचौकीपाशी एका टेम्पोनं त्यांच्या टॅक्सीला मागून ठोकलं. डिकी उघडून तिच्यातल्या पाट्या उलटल्या, सगळा पापलेट रस्त्यावर. टेम्पोवाला उतरून उलट शिवालाच शिव्या द्यायला लागला. दोन्ही दारं एकदम उघडली. एका बाजूनं गुणवंतीबाय उतरली, दुसऱ्या बाजूनं रखमा. अर्धा तास त्यांनी त्या माणसाला असा झोडपला, नुसत्या तोंडानं, की शेवटी तो स्वतः खाली बसून पापलेट गोळा करायला लागला. रखमा शिव्या देता देता थांबली की गुणवंतीबाय तिथूनच पुढे उचलायची.

टॅक्सी पुन्हा सुरू झाली तेव्हा शिवानं आरशात बघितलं. मधली पाटी डिकीत गेली होती आणि दोघी एकमेकींच्या केसांतले खवले काढत होत्या.