पिकेपर्यंत थांबू

बाबा जाळं विणायचे तेव्हा त्यांची नजर जाळ्यावर नसायचीच. सुई गाठीमागून गाठ मारत पुढे जायची आणि हे बोडीच्या, लहानशा तळ्याच्या पाण्याकडे बघत माझी थट्टा करत बसायचे. सारी हयात त्यांनी गावच्या तलाव-बोड्यांत मासे धरले. बोटांना वेगळे डोळे लागत नव्हते. घरात आम्ही दोघंच, आई लवकर गेली. डोळ्यांनी अधू माणूस चाचपडतो अशी आपली समजूत असते. बाबांची बोटं कधी अडखळली नाहीत, म्हणून त्यांचं दिसणं कमी झालेलं मला कळलं नाही, असं मी लोकांना सांगत आले.

ते खरं नाही. त्यांनी मला सांगितलं होतं.

"बाई, उजव्या डोळ्यासमोर धागे तरंगून राहिले. फाटल्या जाळ्याचे असतेत ना, तसे."

मी सानगडीकडच्या एका शाळेत शिक्षिका. ज्याला त्याला शहाणपण शिकवायची सवय. "मोतीबिंदू असेल," मी वहीतून मान वर न करता म्हणाले. "पिकू द्या. पिकला की काढून टाकू." त्यांच्या साखरेच्या गोळ्या दर महिन्याला लाखनीहून मीच आणायची, त्यामुळे त्यांच्या तब्येतीतलं सगळं आपल्याला कळतं असा माझा ताठा होता. साखरेचा डोळ्याशी काही संबंध असतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

त्याच हिवाळ्यात आमच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं. रांग लावायचं काम माझ्याकडे. बाबा धुतलेला सदरा घालून भल्या सकाळी येऊन पहिल्या नंबरावर बसले होते. मागे आजूबाजूच्या गावांतली म्हातारी माणसं. मॅडमनी बापाला पुढे बसवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी त्यांना उठवलं. "तुमचं काय, घरचंच आहे. पिकला की मी सरळ ऑपरेशनलाच नेईन." त्यांनी नंबराचा कागद मुकाट्यानं माझ्या हातात दिला आणि घरी गेले. दिवसभर लोक म्हणत होते, मॅडम फार सरळ आहेत. मला ते आवडलं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

पुढच्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत ते डोंग्यातून उतरताना काठ चुकले आणि कमरेइतक्या पाण्यात पडले. उजव्या डोळ्यात शाई सांडल्यासारखं झालं, म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नागपूरला नेलं.

"मोतीबिंदू नाही हा," डॉक्टर म्हणाले. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. रक्त पुरेनासं झालं की पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण त्या कच्च्या असतात. त्या फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं आणि शेवटी पडदाच ओढला जाऊन सुटतो. उजव्याचा सुटला होता. डाव्यात नुकती सुरुवात होती; तो लेझरनं आणि इंजेक्शनांनी धरून ठेवता येणार होता.

बाबा मान हलवत ऐकत होते. "समजलं साहेब. पाटाच्या टेलच्या, शेवटच्या वावराले पाणी पोचत नाही, त लोक दिसन तिथं पाट फोडतेत. पाणी त भेटतच नाही, पाळ खचून जाते."

डॉक्टरांना हसू आलं. मला आलं नाही.

"धागे कधीपासून दिसत होते?" त्यांनी विचारलं.



"झाला असन एक महिना," बाबा म्हणाले.

"महिन्यात एवढं होत नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर हा डोळा कदाचित राहिला असता."

"ध्यानातच नाही आलं, साहेब. मले न पाहता जाळं विणाची सवय हाये."

मी टेबलावरचे कागद गोळा केले. परतीच्या बसमध्ये लाखनी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत रडत होते. शेवटी विचारलं, "बाबा, खोटं कायले बोलले?"

"खरं बोलून डोळा वापस येते काय?" ते म्हणाले. मग, "साहेब तुले बोलले असते ना."

आता डाव्या डोळ्यासाठी आम्ही नेमानं नागपूरला जातो. मी शाळेची रजा टाकते, एकही तारीख चुकवत नाही. बाबा बाकावर माझ्या शेजारी बसतात, नंबराचा कागद मुठीत घट्ट धरून. मी मागितला तरी देत नाहीत. अधूनमधून डॉक्टर बदलतात आणि नवा फॉर्म भरावा लागतो. मी तो पुटपुटत भरते: वय, गाव, साखर किती वर्षं. 'त्रास कधीपासून' या रकान्यापाशी दर वेळी माझं पुटपुटणं थांबतं. बाबांना फॉर्मवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. पण मी कुठं थांबले ते त्यांना कळतं.

"लिव ना बाई," ते हळूच म्हणतात. "एक महिना."

मी लिहिते.