पाहुणीची शाल

आंदर मावळातल्या त्या वाडीत मोबाईलला रेंज फक्त मारुतीच्या देवळात. म्हणून सारिकाची परदेशी विद्यापीठाची मुलाखतही देवळातच ठरली. पंधराएक वर्षं ती एका संस्थेसाठी भाताचं बियाणं घेऊन गावोगाव हिंडली होती. चाळिशीच्या उंबऱ्यावर तिने नेदरलँड्समध्ये शेतीचं पुढचं शिक्षण घ्यायचं मनावर घेतलं. आता एका प्राध्यापक बाईंशी लॅपटॉपवर बोलणं तेवढं उरलं होतं. ते बिघडलं तर पुन्हा अर्ज करायचं बळ तिच्यात नव्हतं.

हे तिने फक्त चुलत्यांना, रखमाजी आबांना सांगितलं, आणि तिथेच चुकलं. आबा गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे सूत्रधार. सत्काराशिवाय त्यांनी बोअरवेललासुद्धा पाणी लागू दिलं नव्हतं.

दुपारी इस्त्रीच्या साडीत सारिका लॅपटॉप उघडून बसली. मागे वळून बघते तर निम्मं गाव सतरंजीवर! झुंबरबाई तर वाल सोलायला घेऊन आल्या होत्या.

"मावशी, तुमी कशाला आलात?"

"पोरगी बघाया आले म्हंजी घर भरतं. तू तर परमुलखात चाललीस. एकटी बसतीस व्हय?"

तेवढ्यात पडद्यावर बाई प्रकटल्या. गोऱ्या, गंभीर. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "इतकी वर्षं नोकरी केल्यावर आता पुन्हा विद्यार्थी का व्हायचंय?"

सारिकाने तोंड उघडलं आणि आबा उठले.

"थांब गं! पाहुण्यांचा मान केल्याबगर बोलणं कसलं?"

"आबा, ही मुलाखत हाय!"

"मंग? पाहुण्या सातासमुद्रापल्याडनं आल्यात का न्हाई? वाजवा टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. आबांनी काचेवर नेमकं बाईंच्या कपाळी कुंकू लावलं. मग शाल झटकून, दोन्ही हातांनी, अदबीने लॅपटॉपला पांघरली. नाटक सुरू होण्याआधीच पडदा पडला. वरून नारळ आदळणार, तो सारिकाने झेलला.

शालीखालून आवाज आला, "हॅलो? इथे अंधार झालाय."

सारिकाने शालीला हात घातला, तसे आबा कळवळले. "अगं, पाहुण्याच्या अंगावरची शाल आपुन काढायची नसती! अपमान हाय त्यो."

आबांचे डोळे भरून आले होते. सारिकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, नारळ मांडीत घेतला आणि स्वतःच शालीखाली शिरली.

"माफ करा," ती आत बाईंना म्हणाली, "तुमचा सत्कार झाला. आता ही शाल तुम्हीच काढू शकता, मी नाही."

"मी इथून कशी काढणार?"

"म्हणून तर मी आत आले."

बाई खुदकन हसल्या. सारिकाची भीड चेपली. "शेतकरी विचारायचे, हे वाण आमच्या खाचरात का टिकत नाही? मी म्हणायचे, वर विचारून सांगते. वर कुणालाच ठाऊक नसायचं. मला आता ते स्वतः शोधायचंय."

बाहेर गावाला दिसत होता फक्त हलणारा शालीचा डोंगर.

"रडती का काय पोरगी?" झुंबरबाईंनी विचारलं.

"न्हाई," आबा कान देऊन म्हणाले, "दोघी बी हसत्यात."

महिन्याभराने प्रवेशाची बातमी आली. सारिका धावत सांगायला गेली, तर आबांनी कपाटातून तीच शाल आणि नवा नारळ काढला.

"ही बाईंच्या खांद्यावर घाल. सत्कार अर्धा राहिलाय."

"आबा, इमानात नारळ नेऊ देत्यात का?"

"बाईंनाच इचारून घे की."

सारिका लॅपटॉप घेऊन पुन्हा देवळात रेंजमध्ये जाऊन बसली. मागोमाग वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन झुंबरबाई निघाल्या.