बांतांडिंगचं मुकं पिंप

शेरिफो जाट्टा हा बांतांडिंगचा सायकल दुरुस्तीवाला. माणूस सरळ, पण आपल्या कामाची घमेंड भारी. आमच्याकडे निवडणुकीत कागद नसतो; उमेदवार तितकी पत्र्याची पिंपं. आडोशाला जायचं, आपल्या माणसाच्या पिंपात गोटी टाकायची. आतली घंटा टण्ण वाजली की मत पडलं. घोटाळा नको म्हणून त्या दिवशी सायकलच्या घंट्यांना बंदी. पिंपातली घंटा शेरिफोनेच बसवलेली.

यंदा पिंप एकच, सरकारी उमेदवाराचं. बाकीच्यांना दम देऊन घरी बसवलेलं. मग सगळा गाव शिस्तीत रांगेत आला, एकेक जण गोटी घेऊन आडोशाला गेला आणि ती खिशात घालून बाहेर पडला. दुपारपर्यंत चारशे माणसं झाली, घंटा एकदाही वाजली नाही.

सरकारची पाचावर धारण बसली. दोन ट्रक भरून शिपाई आले. पण ना दगड, ना घोषणा, मारायचं कुणाला? शेवटी मतदानावर नेमलेला कमिशनर सान्यांग घाम पुसत शेरिफोला आडोशाला पिंपापाशी घेऊन गेला.

"घंटा बिघडलीय असं लिहून दे."

"माझी घंटा? बिघडलेली?"

"लिही रे बाबा, माझी नोकरी जाईल!"

हा अपमान शेरिफोला सोसवेना. त्याने पाना पिंपात घालून घंटेवर हाणला. टण्ण!

बाहेर सगळे हबकले. त्याची बायको न्यिमासाता तरातरा पुढे आली.

"फितूर निघालात की हो!"

"अगं, पाना मारला नुसता!"

"पाना म्हणे! आता विहिरीवर तोंड कसं दाखवू मी?"

गोटी पळवणं म्हणजे तुरुंग. पण गावानेच तोंड फिरवलं तर जगायचं कुणात? शेरिफोने खिशातली, सकाळी न टाकलेली गोटी काढून सगळ्यांसमोर वर धरली.

"सापडला!" कमिशनरच्या जिवात जीव आला. "धरा ह्याला!"

न्यिमासाताचे डोळे भरले. तिने पदराच्या गाठीतली आपली गोटी काढली. "ह्यांना एकटं नेऊ नका, साहेब. ह्यांना साधा चहा करता येत नाही."

तिच्यामागे म्हातारी फान्ता उभी राहिली, मग शिंपी, मग इमाम. बघता बघता पुन्हा रांग लागली, प्रत्येकाच्या हातात गोटी. ठाण्याच्या कोठडीत माणसं मावतात चार.

कमिशनरने आवाज खाली आणला. "बाई, सगळे गुमान घरी जायचं काय घ्याल?"

"दुसरं पिंप," न्यिमासाता म्हणाली.