वास घेणारा वायरमन

त्या वायरमनचा मला आजही राग येतो. नाव विचारायचंही सुचलं नाही, इतका तेव्हा आला होता.

धुळ्यातल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात, ऐन मे महिन्यात बैठकीतले तिन्ही प्लग बंद पडले. कूलर बंद, अंगाची लाही. हा बाबा आला आणि टेस्टर खिशातच ठेवून, डोळे मिटून एकेका प्लगचा वास घेत बसला.

"अहो, काम करा की!" मी ओरडलो.

त्याने बोर्ड उघडला. आत वायरींचा कोळसा झाला होता. मग मीटरजवळचा फ्यूज उपसला आणि तोच माझ्यावर उखडला.

"इतली जाड तार? फ्यूजनं कामच जळानं शे, भाऊ! तो जळना नही, म्हनीसन वायरी जळन्यात. घर पेटतं ना! कोनी टाकी हाई?"

"आधीच्या भाडेकरूने," मी त्याच्याहून मोठ्याने म्हणालो.

कूलर आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडायचा, म्हणून ती तार मीच घातली होती. उरलेलं वेटोळं खिडकीतच पडलं होतं. त्याने ते पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

प्लग सुरू करून निघताना त्याने ती जाड तार माझ्या तळहातावर ठेवली.

"हाई त्या भाडेकरूले परत द्या."