हातोदच्या सुनेचं भांडण

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. कुमुदताई गेल्या त्या दिवशी सांगावंसं वाटलं होतं — पण घरात सगळे त्यांच्याविषयी बोलत होते, आणि मला माझ्याविषयी बोलायचं होतं. ते बरं दिसलं नसतं. तुम्ही ओळखीचे नाही आहात, म्हणून आज जमेल कदाचित.

ताई कोण, ते आधी सांगते. इंदूरच्या रामबागेत राहायच्या आणि गेलेल्या माणसांची तैलचित्रं करायच्या. घरातलं कुणी गेलं की लोक एखादा धूसर फोटो घेऊन त्यांच्याकडे यायचे. कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागले तरी रविवार त्यांचाच. लालबागेत मेळा भरला की आम्ही दोघी कडेला बसून चेहरे काढायचो. मी नाक, डोळे, अंबाडा — सगळं जागच्या जागी. आणि ताई? आकाशपाळण्यातून उतरलेल्या बाईची, आपण घाबरलोच नव्हतो असं दाखवायची धडपड. तीन-चार रेषांत! मला ते कधी आलं नाही. त्यांनी तसं कधी बोलूनही दाखवलं नाही, पण माझी चित्रं पाहून त्या नुसतं "हं" म्हणायच्या.

त्यांची एक रीत होती. नुसत्या फोटोवरून त्या काम करत नसत. गेलेल्या माणसाच्या घरी जायच्या, चहा घ्यायच्या आणि विचारायच्या, "यांच्याशी भांडायचं कोण?" लोक चपापायचे. मग कुणीतरी हसायचं, कुणाकडे तरी बोट जायचं. त्याच माणसाशेजारी ताई बराच वेळ बसायच्या. बाकीचे सगळे गोडच सांगतात, म्हणायच्या. भांडणाऱ्यानं चेहरा नीट पाहिलेला असतो.

फोनवर एआयची चित्रं येऊ लागली तेव्हा मीच त्यांना दाखवली. वाटलं, चिडतील. पण चष्मा वर करून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "अगं, क्या बात है! ही सावली बघ कशी टाकलीय." मग म्हणाल्या, "इतक्या लोकांची चित्रं बघून शिकलंय म्हणतेस. त्यांना विचारलं होतं का?"

"नेटवर सगळं असतंच ना ताई."

"मतलब, नाही विचारलं."

एवढंच बोलल्या. राग नाही, उपदेश नाही. पुन्हा सावली बघू लागल्या.

मी विषयाभोवती घुटमळते आहे, कळतंय मला.

पुढे ताईंचा हात थरथरू लागला. त्याच सुमारास इंदूरजवळच्या हातोदहून एक मराठी गृहस्थ आले. त्यांची आई गेली होती. एका लग्नातला फोटो आणला होता, त्यात तिचा चेहरा बोटाच्या पेराएवढा. ताईंनी काम घेतलं आणि मला म्हणाल्या, "हे तू कर. हातोदला जा, घरात बस, विचार." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी गेले नाही. अनोळखी घरात बसून असला प्रश्न विचारायचा — त्यापेक्षा सोपी वाट माझ्या फोनमध्ये होती. ताईंच्या घरातली त्यांची चित्रं मी हळूच टिपून घेतली, ती आणि लग्नातला चेहरा एआयला दिला, आणि सांगितलं, या हातानं काढ. त्यानं काढलं. काय सांगू तुम्हाला — ओठांच्या डाव्या कोपऱ्यात एक अडून बसलेला शब्द होता. मी तसंच्या तसं कॅनव्हासवर उतरवलं. चित्र उत्तम होतं, आजही तेच म्हणेन. पण तो कोपरा कुणाचा होता? ताईंनी उभी हयात घालून मिळवलेला. त्यांचाच कोपरा मी त्यांनाच माझा म्हणून दाखवला.

ताई चित्रासमोर स्टूल ओढून बसल्या. "भांडण कुणाशी होतं?"

मी म्हटलं, "सुनेशी."

का म्हटलं? काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून. सासू म्हटली की सून — इतकं सोपं.

"दिसतंय," ताई म्हणाल्या. "ओठातच आहे सगळं. वैजू, आज मला तुझा हेवा वाटतोय गं." आणि माझ्या पाठीवरून तो थरथरता हात फिरवला.

चित्र न्यायला मुलगा आणि सून दोघं आले. मुलगा चित्रापुढे उभा राहून रडला. "आईच आहे." सुनेचेही डोळे भरले. ताईंना राहवलं नाही. त्यांनी प्रेमानं तिचा हात धरला. "तुमचं नव्हतं ना जमत? वाईट नका वाटून घेऊ. तुमच्यामुळेच हे चित्र जमलं."

ती बघतच राहिली. "नाही जी... आमचं कधी भांडणच नाही झालं. आखिर तक मीच तर भरवत होते त्यांना." मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सांगितलं असं?"

तो म्हणाला, "मी कशाला सांगू?" पण तो तिच्याकडे बघत होता. आई हिच्याविषयी आपल्याला काही बोलली होती का, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मला वाटलं, घरी जाईपर्यंत हे विरून जाईल. विरलं का? मी कधी विचारलं नाही.

ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी ब्रश पुसत होते. एक वाक्य पुरलं असतं — मी गेलेच नव्हते. मी ब्रश पुसत राहिले.

"माफ करा हो," ताई तिला म्हणाल्या. "दुसऱ्याच कुणाच्या घरचं डोक्यात राहिलं. वय झालं माझं."

त्यानंतर त्यांनी काम घेणं बंद केलं. आलेल्याला इंदुरी थाटात सांगायच्या, भिया, आता माझी गल्लत होते, कुणाचं दुःख कुणाला लावीन. पुढे डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. विसरायला कधीपासून होतं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताईंनी हातोदची गोष्ट सांगितली. अगदी बारकाईनं — सुनेच्या साडीचा रंगसुद्धा. मी शेजारच्या खुर्चीवर त्यांची पिशवी धरून बसले होते.

यंदा हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटपर्यंत त्या काहीही विसरल्या नव्हत्या. हे मला माहीत होतं; त्यांना नव्हतं.